बाळूचा बोलता माणूस

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल — पण थांबा, तुम्ही मला ओळखत नाही. मी तो माणूस आहे, ज्यानं न घडलेल्या गोष्टी अख्ख्या बजाजनगरला सांगितल्या. रिक्षावाल्यांना सांगितल्या, न्हाव्याला सांगितल्या, दाढ उपटायला तोंडात चिमटा घातलेला असताना डॉक्टरला सांगितल्या. खरी घडलेली गोष्ट मात्र एकच, आणि ती पोटात. लोक म्हणतात, सरांचं पोट सुटलंय. सुटणार नाही तर काय?

आणि आधीच बजावतो — मी इथं रडायला बसलेलो नाही. तुमच्याकडं रुमाल असेल तर खिशात ठेवा. मला तुमची कीव नको, आणि तुमचा उपदेश तर बिलकुल नको. ऐकायचं असेल तर ऐका.

बजाजनगरात पिठाच्या गिरणीच्या वर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर आमची बाकं नाचतात, आणि पोरं थरथरत्या आवाजात इंग्रजी बोलतात. मी सांगतो, लंडनमध्ये असंच बोलतात, थंडीमुळं. वाळूजच्या कारखान्यांतले ऑपरेटर, हेल्पर, पॅकिंगच्या पोरी, शिफ्ट सुटली की जिना चढून येतात. दारावर पाटी आहे — ‘लंडन रिटर्न’. मला लंडनसर म्हणतात. खरं नाव आता माझ्या बायकोलाही आठवत नसेल.

लंडन? मी मुंबईचं विमानतळ पाहिलंय, तेही बाहेरून, चुलतभावाला सोडायला गेलो तेव्हा. वैजापूर तालुक्यातल्या पाटलाघरचा मी. कॉलेजात आपटी खाल्ली, आणि घरी तोंड दाखवायला नको म्हणून दोन वर्षं पुण्याकडं मामाच्या पोल्ट्रीवर काढली. कोंबड्यांशी मात्र इंग्रजीतच बोलायचो. परत आलो तेव्हा कुणीतरी विचारलं, कुठं होतास रं? मी म्हणालो, लंडनला. बस. तोंडातून निघालं आणि पुढं ते माझ्यापेक्षा जोरात पळायला लागलं. मग मी पोरांना सांगू लागलो — तिथं पाऊससुद्धा रांगेत पडतो. एका थेंबानं दुसऱ्याला ‘आधी तुम्ही’ म्हटल्याशिवाय तो खाली येत नाही. तिथल्या घरमालकिणीला मी ठेचा खाऊ घातला, तिनं पोलीस बोलावला, आणि पोलिसानं जाताना डब्यात भरून नेला.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. नाही हो! या थापांची मला काडीची लाज नाही. माझ्या थापा ऐकून शेकडो पोरं इंग्रजीला भ्यायची थांबली. त्याचं मी कुणाला देणं लागत नाही. लाज वाटावी असं काही असेल, तर ते दुसरंच आहे. येतो, येतो त्याच्याकडं. घाई तुम्हाला असेल, मला नाही.

माझा एक धडा प्रसिद्ध आहे. इथल्या चहाच्या टपरीवर विचारा, सांगतील — काउंट ऑन. तो शिकायला दुसऱ्या क्लासची पोरं फुकटात मागच्या बाकावर येऊन बसतात. काउंट म्हणजे मोजणं, हे कुणीही सांगेल. पण कुणावर तरी ‘काउंट ऑन’ करणं म्हणजे काय? पोरं म्हणतात, ट्रस्ट. विश्वास. मी टेबलावर मूठ आपटतो. चूक! ट्रस्ट घरी खाटेवर पडल्या पडल्या करता येतो, त्याला चप्पल घालावी लागत नाही. आता शिफ्टची बस घ्या. त्या बसवर तुमचा ट्रस्ट आहे का? ती खटारा आहे हे तुम्हालाही ठाऊक, ड्रायव्हरलाही ठाऊक. पण ती येणार म्हणून तुम्ही मोटारसायकल घरी ठेवता, डबा घेऊन कोपऱ्यावर उभे राहता, आणि मित्र गाडीवर बसवून नेत असला तरी त्याला म्हणता, जा तू, माझी बस येतीय. हे काउंट ऑन. आपल्याकडं याला भिस्त म्हणतात. भरवसा मनात असतो. भिस्त ठेवली की माणूस दुसरा बंदोबस्त करत नाही. म्हणून बस आली नाही तर नुसतं वाईट वाटत नाही. खाडा पडतो.

आणि आणखी एक सांगतो त्यांना. ‘आय काउंट ऑन’ म्हणून गप्प बसता येत नाही, पुढं कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं. पावसावर ठेवा, बसवर ठेवा, माणसावर ठेवा — पण नाव घ्या.

पोरं वह्या भरतात. एखादा विचारतो, सर, हे एवढं सविस्तर डिक्शनरीत नाही. मी म्हणतो, लंडनला शिकलो.

नाही शिकलो लंडनला. वाळूजमध्येच शिकलो, एका कारखान्याच्या गेटापासून थोडं अलीकडं, भर दुपारी.

बाळू माझ्या क्लासला होता. बाळू कोळेकर — वैजापूरकडचाच, माझ्या गावापासून चार शिवारं सोडून. मेंढरं राखणारं घर. बाप अजून मेंढरांमागं हिंडायचा, हा शिकून प्रेस मशीनवर लागलेला. त्यानं शिवारात हाळी दिली तर पलीकडच्या गावची मेंढरंसुद्धा वळून बघायची, असा आवाज! आणि तोच बाळू साहेबापुढं उभा राहिला की जीभ टाळ्याला. हिंदीत नाही, मराठीत नाही, कशातच नाही. क्लासातही तो मला एकट्याला वाक्यं म्हणून दाखवायचा. बाकीचे खाली गेले, की मगच. आणि म्हणायचा बरं का — स्वच्छ.

कारखाना छोटा. नाव सांगणार नाही, विचारू नका. प्रेसवर हात आत गेला की मशीन बंद पाडणारा एक सेन्सर असतो. त्यानं कामाचा वेग कमी होतो, म्हणून सुपरवायझरनं सेन्सरवर चिकटपट्टी मारायला लावली होती. सगळ्या लाइनीला माहीत. मग एक दिवस नवे मॅनेजर अचानक फिरत आले, दक्षिणेकडचे, कडक, इंग्रजीशिवाय न बोलणारे. त्यांना पट्टी दिसली. सुपरवायझरनं बोट बाळूकडं केलं. बाळू उभा — जीभ टाळ्याला.

चौकशी बसली. बाळूला कायम करायचं तेव्हा घाटत होतं. चौकशीत दोषी निघाला तर कायम होणं सोडाच, गेटाबाहेर. मॅनेजर एवढं मात्र म्हणाले, की तुझ्या बाजूनं बोलायला कुणाला आणायचं असेल तर आण.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. लग्नाची बैठक असो, बांधाचा तंटा असो — आपली बाजू आपल्या तोंडानं मांडायची नसते, हलकेपणा दिसतो. एक बोलता माणूस न्यायचा. तो बोलतो, आपण शेजारी टोपी सावरत बसायचं. बाळूनं बोलता माणूस कोण निवडला असेल?

जिना चढून आला, बाकावर अर्धा टेकला. म्हणाला, “सर, तुमी नुसतं बसा. तुमी दोन शब्द इंग्लिशमधी टाकले का साहेब गार. तुमी तर लंडनच्या पोलिसाला गप केलेलं!”

मी काय म्हणावं? मी म्हणालो, “बाळ्या, कसला साहेब अन् कसलं काय! मी असा बोलीन, की तो मॅनेजर उठून तुला खुर्ची देईल.” आणि फळ्याकडं बोट दाखवून वर — “यू कॅन काउंट ऑन मी.” तेव्हा त्याचा अर्थ मला डिक्शनरीतला तेवढाच माहीत होता.

मग काय बोलायचं त्याची आम्ही तालीम केली. फार काही नव्हतंच. पट्टी सुपरवायझरनं लावायला लावली, लाइनीला विचारा. एवढंच. हे इंग्रजीत सांगायला लंडन लागत नाही, पोल्ट्रीसुद्धा पुरते. मी ते सांगू शकलो असतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं मला माझी बाजू घ्यायचा मोह होईल, आणि तुम्हालाही.

पलीकडच्या मोठ्या कारखान्यात युनियनचे कदमभाऊ होते. अशा चौकशा त्यांनी चुलीवर भाकरी उलटावी तशा उलटवलेल्या. ते आपण होऊन बाळूला म्हणाले, मी येतो. बाळूनं हात जोडून नाही म्हटलं. “आमचे लंडनसर येनारेत, भाऊ. एकाला शब्द टाकला का दुसऱ्याला न्यायचं नसतं. त्यांचा अपमान व्हतो.” हे मला त्यानंच कौतुकानं सांगितलं. मीही मान डोलावली. मला वाटलं — बघा, आपला मान काय आहे!

चौकशीच्या दिवशी मी दाढी केली. बारशाला घालतो तो कोट घातला. स्कूटर काढली. खरं सांगतो — हसू नका — नगर रोडला लागेपर्यंत मी जोरजोरात इंग्रजी बोलत होतो. एक ट्रकवाला घाबरून बाजूला झाला. मग कारखान्याच्या रस्त्याला वळलो आणि लांबून गेट दिसलं.

गेटाशी कडुलिंबाखाली बाळू उभा होता. इस्त्रीचा शर्ट. शेजारी त्याची आई, भिवराबाई, गावाहून आलेली, पदर डोक्यावर. आणि गेटाच्या आत मॅनेजर कुणाशी तरी फोनवर बोलत फेऱ्या मारत होते. वाऱ्यावर त्यांचं इंग्रजी माझ्यापर्यंत येत होतं. कसलं इंग्रजी! पाण्यासारखं. त्यात मी कोंबडीसारखा पडलो असतो. पहिल्याच वाक्याला त्यांनी विचारलं असतं, लंडनला कुठं होता तुम्ही? आणि मागं बाळू, भिवराबाई, गेटावरचा वॉचमन, सगळी लाइन — सगळ्यांनी ऐकलं असतं. दुसऱ्या दिवशी गिरणीवरची पाटी उतरली असती.

ते काही वाईट बोलत होते का? नाही. मला कुणी अडवलं का? नाही. पोटात कळ आली, चक्कर आली, असलं काही? काहीच नाही.

मी स्कूटर वळवली.

घरी आलो, कोट काढून खुंटीला लावला. फोन वाजला. बाळू. मी फोन गादीवर पालथा घातला आणि शेजारी बसून राहिलो. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. बायको आतून म्हणाली, “अवो, कुणाचाय? उचला की!” मी म्हणालो, कर्जवाल्या बँकेचा. थाप! त्या घटकेलाही थाप, आणि किती सफाईनं. मग एकदा वाजायचा थांबला तो थांबलाच.

आत काय झालं ते मला रफिकनं सांगितलं — बाळूच्याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला असायचा, माझ्याच क्लासचा. त्याला साक्षीला बसवलं होतं. “सर, साब पूछ रै, ये चुप्पीच. सुपरवायझर फेंक रा, ये चुप्पीच. मेरे कू बोलने कू बुलाए तो मैं बी डर गया, सच बोलतौं. फिर साब बोले, तुम्हारा आदमी किधर है? तो ये एकच बार बोला, वो बी इंग्लिश में — ‘आय ॲम काउंटिंग ऑन माय सर.’ अन् दरवाजे कू देखता बैठा.”

वाक्य बरोबर होतं. साहेबासमोर त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य, आणि एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मीच शिकवलं होतं ना!

बाळू गेटाबाहेर झाला.

थांबा, एवढ्यावर भागत नाही. मी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी सकाळीच पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी पट्टी गुंडाळली, बायकोला ‘तू यात पडू नकोस’ म्हणून बजावलं आणि बजाजनगरभर बोंब ठोकली, की चौकशीला जाताना ट्रकनं उडवलं. ट्रकचा रंग सांगितला. ड्रायव्हरच्या मिशा सांगितल्या. उडून मी कुठं पडलो, तर उसाच्या ट्रॉलीत, आणि तिथून शुद्धीवर आलो तो थेट साखर कारखान्यात! लोक चुकचुकत होते आणि पोट धरून हसतही होते. मलाही रंग चढत गेला. हो, मजा आली मला — कशाला लपवू?

संध्याकाळी मायलेक भेटायला आले. बाळू दारातच, मान खाली — त्यालाच अपराधी वाटत होतं. म्हणाला, “माझ्यापायी झालं, सर.” भिवराबाईनं पिशवीतून मेंढीच्या दुधाचं तूप काढलं, म्हणाली, “दाव रं लेकरा पाय, चोळून देते. हाडाला लई चांगलं असतंय.” मी पाय ओढून घेतला. डॉक्टरनं पट्टी सोडायची नाही म्हटलंय, म्हणालो. मग ती पट्टीवरूनच हात फिरवत बसली. धडधाकट पायावर. आणि मी कण्हलो. कण्हलो हो मी! योग्य त्या जागी, योग्य त्या वेळी.

झालं सांगून. हेच ते.

आता तुम्ही म्हणाल, जा, माफी माग. नाही मागणार! माफी मागायला गेलो तर बाळू काय करील? “जाऊ द्या वो सर,” म्हणेल, चहा टाकायला सांगेल. त्याच्याकडून नोकरी घेतली, आईच्या हातचं तूप घेतलं — आता माफीही मीच घ्यायची? मला ती नको. आणि दुसरं कुणी म्हणेल, अहो, पण त्याचं पुढं बरंच झालं. झालंय. गावी परत गेला, शेळ्या पाळल्या, वैजापूरच्या बाजारात आज त्याच्या बोकडाला लोक मागेल तो भाव देतात. ‘मी वळलो म्हणून बाळू शेठ झाला’ — ही गोष्ट माझ्यातल्या थापाड्याकडं तयार आहे, मीठमसाला लावून, अगदी टाळ्या पडतील अशी. ती मी सांगणार नाही. एवढी एक थाप मी आयुष्यात गिळली, याची नोंद तुम्ही घेतली नाही तरी चालेल.

पण मग आज का सांगतोय? तेही ऐका.

त्यानंतर मी काउंट ऑनचा धडा शिकवायला लागलो, आणि धड्याच्या शेवटी एक गोष्ट जोडली. एक गरीब कामगार, खोट्या आरोपात अडकलेला. त्याची सारी भिस्त सरांवर. सर कोट घालून जातात, मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटून इंग्रजीचा असा पट्टा सुरू करतात, की मॅनेजर उठून कामगाराला खुर्ची देतो. पोरं टाळ्या वाजवतात. वर्षानुवर्षं वाजवतायत. कामगाराचं नाव मी कधी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं — प्रेस, पट्टी, सुपरवायझर, कडुलिंब.

यंदाच्या बॅचला एक मुलगी आली. सोनाली. पॅकिंगला आहे, बोलायला तोफ. धडा झाला, गोष्ट झाली, टाळ्या पडल्या. ती उभी राहिली.

“सर, सेम टू सेम आमच्या बाळूमामावानी झालं की वो! पण मामाच्या टायमाला तुमचा पाय मोडलेला ना? ट्रकनं उडवलेलं. आज्जी अजून सांगती. मामानंच मला धाडलं, म्हणला लंडनसरकडंच जा, दुसरीकडं नको.”

बॅच माझ्याकडं बघायला लागली. माझ्या दोन थापा, आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींसमोर उभ्या. खाली गिरणीही नेमकी बंद. माझं तोंड उघडं. आणि आत — तुम्हाला पटणार नाही — आत काहीच तयार नव्हतं.

सोनालीनंच सोडवलं मला. हसली, म्हणाली, “हां हां, म्हंजे ह्यो दुसरा कामगार आसंल. मामाचं हुकलं, म्हणून तुमी ह्याच्या टायमाला न चुकता गेला. व्हय ना सर?”

आणि मी म्हणालो, “व्हय. हा दुसरा.”

टाळ्या पुन्हा पडल्या. पहिल्यापेक्षा जोरात.

सोनाली, हे लिहिलेलं तुझ्या हाती पडेल की नाही, मला माहीत नाही. पडलं तर मामाला वाचून दाखव, नाहीतर नको दाखवूस. क्लास सोड, नाहीतर पुढच्या बाकावर येऊन बस. मी तुला काही सांगणार नाही, आणि मागणार तर मुळीच नाही. पाटी उतरायची असेल तर उतरू दे. मी फळ्याशी उभा असेन. फक्त त्या दिवशी वर्गात तुला जे उत्तर दिलं, ते खोटं होतं. दुसरा कामगार कुणी नव्हता. एकच होता. माझा पाय धड होता, स्कूटरमध्ये पेट्रोल होतं, आणि काय बोलायचं ते मला पाठ होतं.